सासूबाईंना सांगितलेल्या लढाया

सासूबाईंच्या डोळ्याचा पडदा सुटला तेव्हा त्या माहुलच्या बाजारात कोलंबी विकत बसल्या होत्या. पडदा सुटला हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. त्यांना स्वतःला वाटलं, डोळ्यात कुणीतरी काळं जाळं टाकलंय आणि ते खालून वर ओढतंय. त्या अवस्थेतही त्यांनी उरलेली कोलंबी खपवली, पाटी धुतली, हात पुसले आणि मग आम्हाला फोन केला.

घाटकोपरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यात गॅसचा एक छोटा फुगा सोडला होता. तो फुगा आतून पडद्याला दाबून धरणार आणि पडदा पुन्हा चिकटणार. पण फुगा नेहमी वर जातो आणि पडदा डोळ्याच्या मागच्या बाजूला असतो, म्हणून पेशंटनं सतत तोंड जमिनीकडे ठेवायचं. झोपायचं पालथं, बसायचं मान खाली घालून, जेवायचंही तसंच.

"जमेल ना आजी?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोलनीला वाकून बसायची सवय हाय," त्या म्हणाल्या. "पन बोलायला बंदी नाय ना?"

बोलायला बंदी नव्हती.

माहुलच्या त्यांच्या खोलीत दिवसभर माणसांची ये-जा, म्हणून आम्ही त्यांना मुलुंडला आमच्या घरी आणलं. बायको शाळेत शिकवते, ती सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. मी घरीच होतो. ज्या कारखान्यात मी इतकी वर्षं काम केलं तो दुसऱ्या राज्यात हलला होता आणि माझ्यासारख्या पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना हिशेब देऊन मोकळं केलं होतं. त्यामुळे दिवसभर घरात जावई आणि सासू, दोघंच.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघं एकटे असे कधी बसलोच नव्हतो. मी मालवणी, त्या माहुलच्या कोळी. सुरुवातीला दोन्ही घरांत थोडी कुरबूर झाली होती, मग माशाच्या कालवणावर समेट झाला. त्यांच्या बोलण्यात ळ नाही आणि ण नाही, सगळं ल आणि न. त्या मला जावय म्हणतात, तुमी म्हणतात, समोर आलो की पदर सारखा करतात. आता त्या हॉलमध्ये गादीवर पालथ्या होत्या, कपाळ उशीवर आणि नाक उशीच्या कडेला मोकळं. त्यांना माझे फक्त पाय दिसत असावेत.

पहिल्या दुपारी आम्ही दोघं गप्प बसलो. मी चहा केला, त्यांच्या कपात स्ट्रॉ घातली. खिडकीच्या जाळीवर कबुतरं घुमत होती. डॉक्टरांनी प्रखर उजेड नको म्हटलं होतं म्हणून मी जाड पडदे ओढून घेतले होते आणि हॉलमध्ये हिरवट, पाण्याखाली असावा तसा उजेड झाला होता.

"जावय," त्या उशीतून म्हणाल्या, "रोज या वेलेला तुमी काय करता?"

"काही नाही, आई. पिक्चर बघतो."

"कसला?"

मला जरा संकोच वाटला. "लढाईचा."

"मंग लावा की. माझ्यापायी कशाला थांबता?"

लढाईचे पिक्चर हे माझं जुनं वेड. वडिलांची गिरणी बंद पडल्यावर ते आम्हाला घेऊन मुलुंडच्या एका चाळीत आले, तिथे गणपतीत रस्त्यावर आडवी चादर बांधून सिनेमा दाखवायचे. समोरची जागा मोठ्या माणसांची, म्हणून आम्ही मुलं चादरीच्या मागे बसायचो. मागूनही सगळं दिसायचं, फक्त उलटं. सगळे सैनिक डावखुरे. झेंडे उलट्या दिशेला फडकायचे. वारा आला की चादर फुगायची आणि अख्खी पलटण आमच्या अंगावर चालून यायची, मग मागे हटायची. बरीच वर्षं माझी अशी समजूत होती की सैन्यात डाव्या हातानंच बंदूक चालवतात. चाळीच्या आवारात आम्ही लढाई खेळायचो तेव्हा मीही डाव्या हातानं काठी धरायचो.

पुढे टीव्ही आला, मग सीडी, मग हार्ड डिस्क. जगातल्या कुठल्याही भाषेतला लढाईचा सिनेमा मी शोधून बघायचो. कोणता सगळ्यात चांगला आणि का, यावर कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये वाद घालायचो. माझं म्हणणं ठरलेलं असे. लढाई मोठी पाहिजे, धूर खरा पाहिजे, रणगाडा येताना खुर्ची हादरली पाहिजे. बाकीचं म्हणजे मधली भरताड, तिथे मी चहा आणायला उठायचो.

त्या दुपारी मी माझा सगळ्यात आवडता लावला. परदेशी, काळापांढरा, एका नदीवरच्या पुलासाठी चाललेली लढाई. मला तो तोंडपाठ होता. आवाज बारीक ठेवला.

थोड्या वेळानं उशीतून प्रश्न आला. "काय चाललाय?"

"गोळीबार."

जरा वेळ गेला. "अजून?"

"अजून."

"कोन कोनाला मारतंय?"

मी नीट बघितलं. धुरात सगळ्यांची हेल्मेटं सारखीच दिसत होती. आमच्या बाजूचे कोण आणि पलीकडचे कोण, हे त्या प्रसंगात मला कधीच कळलेलं नव्हतं, आणि मी कधी विचारलंही नव्हतं. "पुलासाठी भांडतायत," मी म्हटलं.

"पूल कशाला पायजे?"

"पलीकडे जायला."

"पलीकडं काय हाय?"

मी थांबवला आणि मागे नेला. पूल, नदी, पलीकडचा काठ. चढ होता, दोन-चार झाडं होती. झाडांमागे एक घर. "एक घर आहे," मी म्हणालो. "बाहेर दोरीवर कपडे वाळत घातलेत."

"कोनाचे?"

मी टीव्हीजवळ जाऊन वाकून बघितलं. "बाईचे. आणि एक छोटा सदरा आहे. लहान मुलाचा."

मला वाटलं, त्यांचा डोळा लागला. मग म्हणाल्या, "कपडे आत नाय घेतले म्हंजी बाई पलाली. पोराला घेतला नि पलाली. नायतर वालत टाकलेला कपडा बाई ठेवते काय भायेर?"

मी रिमोट हातात धरून तसाच उभा राहिलो. इतक्या वेळा बघितलेल्या त्या सिनेमात एक बाई होती, ती पडद्यावर येण्याआधीच पळून गेली होती, आणि मला तिचा पत्ताच नव्हता. मी पुढे लावला. पूल उडाला. पूल उडतो ती माझी सगळ्यात लाडकी जागा. पण आता माझी नजर त्या कोपऱ्यातल्या दोरीवर होती. स्फोटाच्या वाऱ्यानं तो छोटा सदरा एकदा सरळ आडवा झाला, आणि परत खाली लोंबला.

त्यानंतर रोज दुपारी मी त्यांना एक लढाई सांगायला लागलो. जेवण झालं, औषध घातलं, पडदे ओढले की त्या म्हणायच्या, "चला जावय, लावा." मी सोफ्यावरून उतरून त्यांच्या गादीशेजारी जमिनीवर बसायचो, म्हणजे मोठ्यानं बोलावं लागत नसे.

सुरुवातीला मी वाईट सांगायचो. "आता बॉम्ब पडला. आता दुसरा पडला." त्या नुसत्या हं हं करायच्या. स्फोट सांगताच येत नाही, हे मला हळूहळू कळलं. धडाम म्हटलं की संपलं, पुढे सांगायला काही उरत नाही. पण कुणी बुटाची नाडी बांधत असला, तर ते कितीही वेळ सांगता येतं. ज्या जागी मी चहाला उठायचो त्याच जागा सांगण्यासारख्या निघाल्या.

एका सिनेमात बर्फातली चौकी होती. वाट बंद, वरून काही येत नाही, खालून कुणी जात नाही. एका पोरसवदा जवानाकडे एक संत्रं उरलंय. ते गोठून दगड झालंय. तो ते काखेत धरून बसतो. मग चाकूनं सोलतो, फोडी वेगळ्या करतो, हातमोजे न काढता एकेकाच्या तळव्यावर ठेवतो. मी हे सगळं सांगितलं. "आता साल खिशात ठेवली," मी म्हणालो.

"साल कशाला?"

मला माहीत नव्हतं. सिनेमात कुणी सांगतही नाही. "वासासाठी असेल," मी म्हटलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "बर्फाला वास नसंल."

संध्याकाळी बायको आली तेव्हा आम्ही दोघं अंधारात बसलेलो. तिनं दिवा लावला. "काय रे, काय करता तुम्ही दोघं दिवसभर?"

"लढाई," मी म्हटलं.

"अरे यार, तिचं ऑपरेशन झालंय आणि तू तिला गोळीबार ऐकवतोस? भजनं लावून दे ना."

"भजना मना पाठ हायत," उशीतून आवाज आला. "यांचा पोऱ्या अजून बर्फात हाय. तू आदी चाय टाक."

त्या दिवसांची आठवण काढली की मला घड्याळ आठवतच नाही. आठवतो तो हिरवट उजेड, पंख्याचा आवाज, त्यांची पाठीवर आलेली बारीक पांढरी वेणी, आणि टीव्हीचा निळा प्रकाश फरशीवर हलताना. मीही कधीकधी तिथेच लवंडायचो. सांगता सांगता डुलकी लागायची आणि सिनेमातलं काही झोपेत शिरायचं. एकदा स्वप्नात आमच्या जिन्यावर बर्फ पडला होता आणि सोसायटीचा वॉचमन सगळ्यांच्या तळव्यावर संत्र्याच्या फोडी ठेवत होता. जागा झालो तर सासूबाई म्हणत होत्या, "जावय, तुमी थांबला, पन त्यांचा चाललाय."

मग आम्ही पाणबुडीचा सिनेमा लावला. त्यात गोष्ट अशी की पाणबुडी समुद्राच्या तळाशी लपली आहे आणि वर शत्रूचं जहाज फिरतंय. जरा जरी आवाज झाला तरी सापडतील. आत सगळे जिथे आहेत तिथे थिजलेत. एकाला खोकला येतो, तो तोंडात टोपी कोंबतो. स्वयंपाक्याच्या हातात उलथनं आहे, ते खाली ठेवायचीही सोय नाही, तो ते तसंच हवेत धरून उभा. मी कुजबुजत सांगत होतो. खरं तर मला कुजबुजायची काय गरज? पण आवाजच वर येईना. सासूबाईंनी श्वास धरला होता, त्यांची पाठ हलत नव्हती. इमारतीत दुपारची सामसूम. कबुतरंसुद्धा गप्प.

वरचं जहाज निघून गेलं. सगळ्यांनी श्वास सोडला, त्यांनीही सोडला. मग म्हणाल्या, "बंद करा जरा."

मी बंद केला.

"आवाज करायचा नाय," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं उलटा झालेला."

"कधी?"

"लढाई होती तवा. बांगलादेशची. मी परकर घालायची."

त्या पालथ्याच बोलत होत्या, त्यामुळे शब्द फरशीला लागून माझ्याकडे येत होते. माहुलला तेलाचे कारखाने आले तेव्हापासून तिथे कधी खरी रात्र झालीच नाही, असं त्या म्हणाल्या. धुराड्यावर आग जळायची, खांबाखांबावर दिवे. पोरं त्या उजेडातच झोपायची. लढाई लागली आणि पोलीस सांगत फिरले, दिवा लावायचा नाही, चूलसुद्धा आडोशाला. काचांना काळा कागद. आणि एका संध्याकाळी कारखान्याचेही दिवे गेले.

"मना आभाल पयल्यांदा दिसला," त्या म्हणाल्या. "तोवर मना वाटायचा चांदन्या चार-दोनच असतान. मी घाबरली. आयला बोलली, आय, वर कायतरी सांडलाय."

मी हसलो. त्याही हसल्या, मग थांबल्या.

त्यांचे वडील त्या दिवशी होडी घेऊन गेलेले. आणखीही होड्या होत्या, कारखान्याचे दिवे जाणार हे कळायच्या आधी निघालेल्या. एरवी परतताना कारखान्याच्या उजेडावर नेम धरून खाडीत शिरायचं आणि मग किनाऱ्यावर बायका कंदील घेऊन उभ्या असायच्या, त्यावर. आता दोन्ही नाही. भरती चढत होती. काळोख असा की शेजारचं माणूस चाचपून बघावं लागे. सगळ्या बायका किनाऱ्यावर जमल्या. एक पोलीस होता, तो एकच सांगायचा, बत्ती नाही, बत्ती नाही.

"माझी आय त्याला बोलली, बत्ती नाय तर नाय. तोंड उघडला तर चालंल ना? तो बिचारा गप झाला. तोंडाचा हुकूम त्याला कोनी दिलेला नवता."

"मग?"

"मंग काय, हाका मारायला लागल्या. सगल्या."

"नवऱ्यांना?"

"नवऱ्याचा नाव घेतात काय?" त्या दचकून म्हणाल्या, जणू मी आत्ताच कुणाला घ्यायला लावलं. "पोरांची नावा घेतली. जी ती आपल्या पोरांची नावा घेऊन वरडते. माझ्या आयनं माझा नाव घेतला. मी तिच्या बाजूला उभी, आनि ती पान्याकडं तोंड करून मना हाका मारते. मना वाटला, मी तिकडं हाय की काय?"

मला ते दिसत होतं, म्हणजे काहीच दिसत नव्हतं. काळा किनारा, काळी खाडी, वर सांडलेलं आभाळ, आणि पाण्यावरून जाणारी मुलांची नावं.

"आल्या होड्या?"

"आल्या की. हलूहलू सगल्या आल्या. माझा बा चिखलातून पलत आला. त्याला वाटला पोरीला कायतरी झाला, म्हनून बाई वरडते. त्यानं मना उचलला, तोंड चाचपला, डोका चाचपला. दिसत नवता ना. मंग आयला शिव्या घातल्या. एवढा जीव घाबरा केलास म्हनून. मी त्याच्या अंगावर, आनि तो सगला थरथरतोय, पान्यानं का कशानं काय म्हाईत."

मग त्या जरा ओशाळून म्हणाल्या, "यात कोन मेला नाय. पिक्चर नाय व्हायचा याचा."

"होईल, आई," मी म्हणालो. "मी बघेन."

"तुमी काय, तुमी काय पन बघता. लावा आता. तो उलथना धरून उभा हाय त्याला बसवा खाली."

काही दिवसांनी डॉक्टरांनी मान वर करायची परवानगी दिली. पडदा चिकटला होता. फुगा मात्र आपोआप विरायला अजून वेळ लागणार होता. मान वर केल्यावर सासूबाईंना एक विलक्षण गोष्ट दिसायला लागली. दुसरा डोळा मोतीबिंदूनं आधीच अधू, त्यातून जेमतेम सावल्या दिसायच्या. पण या डोळ्यात, त्या म्हणाल्या, पाणी भरलंय आणि पाण्याची रेघ दिसतेय. रेघेच्या वर सगळं स्वच्छ, रेघेच्या खाली सगळं गढूळ. मान हलवली की रेघ हिंदकळते. फुगा लहान होईल तशी ती रेघ खाली खाली उतरत जाईल, असं डॉक्टरांनी समजावलं.

"ओहोटी लागली म्हना की," त्या म्हणाल्या, आणि डॉक्टर खुश झाले.

आता त्या सोफ्यावर बसून बघू शकत होत्या. बर्फातला सिनेमा त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. मी लावला. तो संत्रंवाला जवान आला आणि त्या म्हणाल्या, "ह्यो कोन?"

"तोच, आई. संत्रं सोलतो तो."

"नाय नाय. माझा काला होता. ह्यो गोरा हाय." त्यांनी मनात त्याला आपल्या भाच्याचा चेहरा दिला होता. बऱ्याच वेळानं त्यांनी या परक्याला आत घेतलं, आणि तेही नाराजीनं.

मग लढाई सुरू झाली. मी सवयीनं त्यांच्याकडे बघितलं. त्या शांतपणे, हनुवटी जराशी उचलून बघत होत्या.

"दिसतंय का?"

"दिसतंय ना. निस्ती डोकी दिसतान. तोंडा दिसतान. खालचा सगला पान्यात हाय."

"बंदुका?"

"नाय. बंदुका पान्यात."

मी टीव्हीकडे वळलो. डोळे बारीक केले, मग हात आडवा धरून पडद्याचा खालचा अर्धा भाग झाकला. नुसते चेहरे उरले. आवाज तोच, धूर तोच, पण बंदुका नाहीत, हात नाहीत, कुणी कुणाला मारत नाहीये. फक्त काही तरुण मुलं, कुणी डोळे मिटून घेतलेली, कुणी काहीतरी पुटपुटणारी, एकाचं नाक वाहतंय. एक चेहरा अचानक रेघेच्या खाली गेला आणि परत वर आला नाही.

"गेला," सासूबाई म्हणाल्या.

मी हात खाली घेतला नाही. आम्ही दोघांनी तसंच शेवटपर्यंत बघितलं, त्यांनी डोळ्यातल्या पाण्यानं झाकून आणि मी हातानं. कॅन्टीनमध्ये मी जे वाद घालायचो ते मला आठवले. आज कुणी विचारलं की लढाईचा सिनेमा चांगला कशानं होतो, तर मी एवढंच सांगेन की खालचा अर्धा भाग झाकून बघा. मग वर काही उरलं, तर तो चांगला.

रेघ रोज उतरत गेली. आधी त्यांना माझा चेहरा दिसला, मग शर्टाचा खिसा, मग हातातला कप. एका सकाळी त्या म्हणाल्या, डोळ्याच्या तळाशी एक छोटा गोल बुडबुडा राहिलाय, इकडून तिकडे पळतोय. दुसऱ्या दिवशी तोही नव्हता. नजर पूर्वीइतकी आली नाही. बारीक कोलंबी निवडणं आता जमणार नाही, हे त्यांना कळलं होतं. त्याबद्दल त्या एकदाच बोलल्या, आणि मग माहुलला परत गेल्या.

घर रिकामं वाटायला लागलं. दुपारी पडदे ओढून बसलो तरी सांगायला कुणी नाही. मी एकदोन सिनेमे लावले आणि अर्ध्यात बंद केले. ते बायकोच्या लक्षात आलं असावं. थिएटरला एक नवीन लढाईचा सिनेमा लागला तेव्हा तीच म्हणाली, "तिला घेऊन जाऊ या का रे? मोठ्या पडद्यावर बघू दे एकदा."

रविवारी दुपारच्या खेळाला आम्ही तिघं गेलो. सासूबाई नऊवारी नेसून, अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळून, सरकत्या जिन्यावर माझा दंड घट्ट पकडून. त्या आमच्या दोघांच्या मधे बसल्या. सिनेमात एक वायरलेसवाला पोरगा होता, गावाकडून आलेला, आईचा लाडका. सासूबाईंना तो पहिल्यापासून आवडला. "ह्यो काला हाय," त्या समाधानानं म्हणाल्या.

मध्यांतरानंतर मोठी लढाई सुरू झाली. आवाज इतका की छाती हादरत होती. मला वाटलं, त्या घाबरतील. पण माझ्या खांद्यावर काहीतरी टेकलं. त्यांना झोप लागली होती. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांना नमस्काराखेरीज किंवा गरजेखेरीज कधी हात लावला नव्हता, आणि आता त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, अबोलीचा वळेसर माझ्या कानाला लागत होता. समोर डोंगर पेटला होता. मी हललो नाही. तो वायरलेसवाला पोरगा निरोप पोचवता पोचवता गेला. त्याच्या आईकडे लष्कराची जीप आली. बायको पलीकडे डोळे पुसत होती. सासूबाई संथ श्वास घेत होत्या.

दिवे लागले तेव्हा त्या दचकून जाग्या झाल्या, पदर सारखा केला आणि माझ्यापासून जरा सरकून बसल्या. "चांगला होता," म्हणाल्या. आम्ही दोघांनीही हो म्हटलं.

टॅक्सी करून त्यांना माहुलला सोडायला गेलो. ऊन कलत होतं. गल्लीत जाळी वाळत घातलेली, त्यांच्या दारात शेजारच्या दोघी बायका बसल्या होत्या. "कसा होता गो पिक्चर?" एकीनं विचारलं. सासूबाई उंबऱ्यावर बसल्या, पाय पसरले आणि सांगायला लागल्या.

त्यांनी छान सांगितलं. पोरगा कसा दिसतो, त्याच्या कानाला यंत्र कसं, आईनं निघताना त्याच्या पिशवीत काय काय भरलं. मध्यांतरापर्यंत सगळं आम्ही बघितलं तसंच होतं. नंतर त्या क्षणभर थांबल्या. बायकोनं माझ्याकडे बघितलं.

"मंग मोठी लढाई झाली," त्या म्हणाल्या. "लय आवाज. डोंगर पेटला. आनि ह्यो निरोप सांगून खाली उतरला, चालत चालत घरी आला."

"घरी आला?" शेजारीण म्हणाली.

"आला तर. आयनं पानी तापवला. जेवाया वाढला. सुरमईचा कालवन केलेला, भात केलेला. तो नीट जेवला पन नाय."

"का गो?"

"झोप आली ना त्याला. हात धुवायच्या आदीच झोपला. किती दिसांचा जागा पोऱ्या."

बायकोनं तोंड उघडलं. मी तिचा हात धरला. शेजारणी हळहळल्या, एकीनं डोळ्याला पदर लावला, आणि दुसरी म्हणाली, बरं झालं बाई, आला घरी. सासूबाईंनी मान डोलावली आणि आम्हाला चहासाठी आत या म्हणाल्या.